रामटंका : नाणे की पूजेचा टंक?

काही घरांच्या देव्हाऱ्यात टाकांशेजारी राम-सीतेची छबी असलेले चांदीचे वा पितळेचे गोल टंक पूजेस ठेवलेले आढळतात. त्यांस 'रामटंका' म्हणतात. सोनारांनी व कारागिरांनी ते खासगीरीत्या पाडून तीर्थक्षेत्री भाविकांस विकले.

त्यांची गणना नाण्यांत करावी काय, असा प्रश्न संग्राहकांपुढे येतो. केवळ देवाच्या छबीवरून निर्णय होत नाही. अकबर बादशहाने सन १६०४-०५ च्या सुमारास राम-सीतेची नाणी पाडली. ती राजाज्ञेने निघाल्यामुळे खरी नाणी होत. रामटंक्यामागे राजसत्ता नाही, चलनी किंमतही नाही. म्हणून त्याचा वर्ग 'मंदिर-टंक' हाच होय.

मात्र 'ईस्ट इंडिया कंपनी, अर्धा आणा, १८१८' असा इंग्रजी मजकूर असलेले रामदरबाराचे तुकडे यांतूनही वेगळे काढावे लागतात. कंपनीने असे नाणे कधीच पाडले नाही. तो मजकूरच खोटा आहे. जुने व चमत्कारी म्हणून ते भरमसाट किमतीस विकले जातात आणि भोळा माणूस नाडला जातो.

पूजेतील टंकाचे मोल श्रद्धेचे आहे, बाजाराचे नव्हे. तेव्हा असा तुकडा कोणी विकावयास आणल्यास पैसे देण्यापूर्वी तो जाणकारास दाखवावा, हेच उत्तम.