२०२ फेऱ्या आणि हिरावलेला करंडक

आकडे खोटं बोलत नाहीत म्हणतात. पण ते आकडे नोंदवतं कोण?

१ डिसेंबर १९६३. फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल. वर्णभेदाचे कायदे अजून जिवंत होते. अर्ध्या मैलाच्या मातीच्या ट्रॅकवर नॅसकारची २०० फेऱ्यांची मोटार शर्यत होती. कृष्णवर्णीय चालक वेंडेल स्कॉट यांनी २०० फेऱ्या पूर्ण केल्या, तरी विजयाचा झेंडा हलला नाही. त्यांनी आणखी दोन मारल्या. तरीही विजेते ठरले गोरे बक बेकर. करंडक घेऊन ते निघूनही गेले. काही तासांनी, प्रेक्षक पांगल्यावर, ‘मोजणीत चूक झाली’ म्हणत पहिला क्रमांक स्कॉट यांना दिला गेला.

स्कॉट यांनी ही चूक कधीच मान्य केली नाही. गोऱ्या सुंदरीने काळ्या विजेत्याचं चुंबन घेण्याचा प्रसंग आयोजकांना टाळायचा होता, असं ते सांगत.

त्यांची कारकीर्द पाहा: ४९५ शर्यती, १४७ वेळा पहिल्या दहांत, विजय फक्त १. बडा प्रायोजक नाही, गाडीची दुरुस्ती स्वतःच्या हातांनी, मदतीला पोरं. तो ‘१’ वाचताना हे सगळं वाचलं पाहिजे.

१९९० मध्ये स्कॉट गेले. करंडक कुटुंबाला मिळाला २०२१ मध्ये, ५८ वर्षांनी. नोंद दुरुस्त करणं म्हणजे न्याय देणं नव्हे. हक्काचा सन्मान त्याच दिवशी, सगळ्यांसमोर मिळायला हवा होता.