ॲपचे गोपनीयता धोरण आणि वापरकर्त्याची संमती

मोबाइलवरील बहुतेक ॲप वापरण्यापूर्वी त्यांच्या गोपनीयता धोरणास मान्यता द्यावी लागते. कंपनी कोणती माहिती गोळा करणार व ती कोणाला देणार, हे त्यात नमूद असते. मात्र कायद्याच्या भाषेतील हा लांबलचक मजकूर क्वचितच वाचला जातो. अशी न वाचता दिलेली संमती कितपत खरी मानायची, हा प्रश्न भारतात व्हॉट्सॲपच्या निमित्ताने ऐरणीवर आला.

फेसबुकने २०१४ मध्ये व्हॉट्सॲप विकत घेतले. ऑगस्ट २०१६ च्या धोरणात वापरकर्त्यांची काही माहिती फेसबुकला देण्याची तरतूद झाली. तथापि जाहिरातींसाठी तिचा वापर नाकारण्यास तेव्हाच्या वापरकर्त्यांना ३० दिवसांची मुदत होती. जानेवारी २०२१ च्या धोरणात हा पर्याय राहिला नाही. मान्यतेची ८ फेब्रुवारी ही मुदत टीकेनंतर १५ मेपर्यंत वाढविण्यात आली.

कंपनी आता खाजगी संदेश वाचणार, असा समज त्या वेळी पसरला होता. तो चुकीचा होता. व्यक्ती-व्यक्तींमधील संदेश सांकेतिक रूपात जातात आणि कंपनीला ते उघडता येत नाहीत. वाद होता तो संदेशांभोवतीच्या माहितीचा : दूरध्वनी क्रमांक, उपकरणाचा तपशील, आयपी पत्ता, ॲप वापरण्याची पद्धत, व्यापारी संस्थांशी झालेला संपर्क. मजकूर न वाचताही एवढ्यावरून माणसाच्या आवडीनिवडींचा बराच अंदाज येतो आणि जाहिरातदाराला तेवढे पुरते.

धोरण न स्वीकारणाऱ्यांच्या सेवेत कपात करणार नाही, अशी हमी कंपनीने मे २०२१ मध्ये केंद्र सरकारला दिली. ही गोष्ट सामान्य वापरकर्त्यांपर्यंत फारशी पोहोचलीच नाही. अखेर १ फेब्रुवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने या हमीला वृत्तपत्रांतून प्रसिद्धी देण्याचे निर्देश कंपनीला दिले. तोवर अनेकांनी मान्यता देऊन टाकली होती.

भारतीय स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मूळ कंपनी मेटास २१३.१४ कोटी रुपयांचा दंड केला. ‘स्वीकारा किंवा सोडा’ अशी अट लादणे हा बाजारातील वर्चस्वाचा गैरवापर ठरला. जाहिरातींसाठी माहिती देण्यावर आयोगाने पाच वर्षांची बंदीही घातली होती. राष्ट्रीय कंपनी कायदा अपील न्यायाधिकरणाने नोव्हेंबर २०२५ मध्ये ही बंदी रद्द केली, दंड मात्र कायम ठेवला.

दरम्यान, डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा २०२३ मध्ये संमत झाला आणि त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. माहिती घेण्यामागील हेतू स्पष्ट व सोप्या भाषेत सांगणे त्याने बंधनकारक केले आहे. ही सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय द्यावा लागेल. संमती देणे जितके सोपे, तितकेच ती मागे घेणेही सोपे असावे, अशी तरतूद आहे. संमतीविषयीच्या या तरतुदी लागू होण्यासाठी नियमांच्या अधिसूचनेपासून १८ महिन्यांचा अवधी ठेवण्यात आला आहे.