पोटासाठी की स्वत्वासाठी? बीडच्या सीमेवरील महार-मांग ख्रिस्ती

मराठी ख्रिस्ती समाजाचा इतिहास आजवर दोन मापांनी मोजला गेला आहे. नीळकंठशास्त्री गोरे यांनी १८४८ मध्ये, पंडिता रमाबाईंनी १८८३ मध्ये आणि नारायण वामन टिळकांनी १८९५ मध्ये ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांच्या धर्मांतराला आपल्या विद्वानांनी 'आत्म्याचा शोध' म्हटले. विरोधकांनी त्यांना शिव्या दिल्या, पण त्यांना मन आहे, बुद्धी आहे, हे कोणी नाकारले नाही. त्याच काळात गावकुसाबाहेरच्या महार-मांगांनी तोच ख्रिस्त स्वीकारला, तेव्हा मात्र निकाल एका शब्दात लागला : पोटासाठी बाटले. ब्राह्मणाला आत्मा आणि महाराला फक्त पोट, ही वाटणी कोणी केली? ज्या व्यवस्थेने पाणवठे वाटले तिनेच ही वाटणीही केली, असे माझे म्हणणे आहे. प्रस्तुत लेखात मला ही वाटणी तपासायची आहे. मी स्वतः बीड जिल्ह्यातल्या एका मांग ख्रिस्ती घरातला आहे. त्यामुळे हा प्रश्न माझ्यासाठी केवळ ग्रंथातला नाही.

प्रथम भूमी पाहू. नगरहून बीडकडे निघाले की कडा आणि आष्टी ही बीड जिल्ह्यातली गावे लागतात, मग जामखेड हे नगर जिल्ह्यातले गाव येते आणि पुढे पाटोद्याला पुन्हा बीड जिल्हा सुरू होतो. एकाच रस्त्यावर मोगलाई आणि इंग्रजी मुलूख असे एकमेकांत गुंतलेले होते. १९४८ पर्यंत बीड निजामाच्या राज्यात होते; १९५६ मध्ये ते मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आले. राज्य कोणाचेही असो, महारवाडा आणि मांगवाडा दोन्हीकडे सारखाच होता. सोयरीक सीमा ओलांडून होत होती आणि तिच्याबरोबर बातमीही ओलांडत होती.

नगरला अमेरिकन मराठी मिशनचे काम १८३१ मध्ये सुरू झाले. 'ज्ञानोदय' हे मिशनचे नियतकालिक तेथूनच १८४२ मध्ये निघाले. १८७३ च्या सुमारास एस.पी.जी. हे अँग्लिकन मिशनही नगरला आले. गोदावरीच्या उत्तरेला जालन्यात रेव्ह. नारायण शेषाद्री काम करीत होते. १८४३ मध्ये ख्रिस्ती झालेल्या या ब्राह्मणाने जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभी केली. तिच्यात येणाऱ्यांत मांगांचा भरणा मोठा होता. औरंगाबादेत रतनजी नवरोजी हे मूळचे पारशी असलेले पाद्री होते. बीडच्या भोवतालचे हे वर्तुळ ध्यानात घेतले म्हणजे आमच्या वाड्यांत येशूचे नाव कोणत्या वाटांनी आले असेल, याची कल्पना येते.

आता पोटाचा मुद्दा. १८७६ ते १८७८ च्या दुष्काळानंतर नगर भागात महारांच्या बाप्तिस्म्यांची संख्या एकदम वाढली, ही गोष्ट लपविण्याचे कारण नाही. मिशनने अन्न दिले, पोरकी मुले सांभाळली. पण दुष्काळ दोन वर्षांत सरतो. धान्याच्या पोत्यासाठी आलेला माणूस पोते संपल्यावर परत जायला मोकळा होता. गावही त्याला परत बोलावीत होते, कारण मेलेले ढोर ओढायला आणि सांगावा घेऊन धावायला गावाला माणूस हवा होता. तरीही पुष्कळजण परतले नाहीत. ज्यांना वाळीत टाकले, ज्यांचे बलुते अडविले, तेही राहिले. चार-चार पिढ्या ते कशासाठी राहिले, हा प्रश्न 'पोटासाठी' म्हणणाऱ्यांनी कधी विचारलाच नाही.

उत्तराची एक खूण बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत सापडते. अँग्लिकन नोंदवहीचे रकाने ठरलेले असतात : तारीख, नाव, आईबापांची नावे, राहण्याचे ठिकाण, धंदा, संस्कार करणाऱ्याचे नाव. आज हे रकाने क्षुल्लक वाटतील. पण गावाच्या कागदात महार-मांग कसा येत होता? कामापुरता आणि हक्काच्या तंट्यापुरता. तोंडी तर त्याचे नाव धोंड्या, दगड्या, कचऱ्या असे मोडूनच घेतले जाई. त्या माणसाचे पूर्ण नाव, आणि मुख्य म्हणजे त्याच्या आईचेही नाव, शाईने लिहिले गेले. नोंदवहीत त्याला 'तुझी जात काय?' यापेक्षा 'तू कोण?' हे आधी विचारले गेले. शिवाय बाप्तिस्मा घेणाऱ्या प्रौढाला मंडळीसमोर उभे राहून स्वतःच्या तोंडाने 'माझा विश्वास आहे' असे म्हणावे लागे. 'जी मायबाप' एवढेच बोलायची मुभा असलेल्या माणसाने चारचौघांत 'माझा' हा शब्द उच्चारावा, यात केवढी उलथापालथ आहे!

दुसरी खूण प्रभुभोजनाची. महार मांगाच्या हातचे खात नव्हता, मांग महाराकडे जेवत नव्हता. व्यवस्थेने आपल्यातही उतरंड रचून ठेवली होती. तेथे एका भाकरीचे तुकडे आणि एकच प्याला पुढे आला. तो सगळीकडे सुखासुखी ओठाला लागला असे नाही. बसण्याच्या जागा, सोयरिकी आणि पुढारपण यांत जात चर्चमध्येही शिरली, ती आजही पुरती गेलेली नाही. पण चर्चमध्ये जात पाळणे हे शास्त्राविरुद्ध ठरते आणि गावात जात मोडणे हे शास्त्राविरुद्ध ठरत होते. हा फरक लहान नाही.

महार-मांगांना धर्माचा प्रश्न पडत होता, याचा पुरावा 'ज्ञानोदया'तच आहे. १८५५ मध्ये जोतीराव फुल्यांच्या शाळेतल्या मुक्ताबाई या मांग मुलीचा निबंध तेथे दोन भागांत छापला गेला. ती ख्रिस्ती नव्हती. वेदांवर जर फक्त ब्राह्मणांचा हक्क असेल तर आम्हांला ग्रंथच नाही, मग आमचा धर्म तरी कोणता, असा तिच्या म्हणण्याचा आशय होता. चौदा-पंधरा वर्षांच्या या मुलीने भाकरी मागितली नव्हती, 'मी कोण' याचे उत्तर मागितले होते.

तरीही एक्याऐंशी वर्षांनी, १९३६ मध्ये, गांधीजींनी जॉन मॉट या अमेरिकन ख्रिस्ती नेत्याला विचारले की, तुम्ही गाईला शुभवर्तमान सांगाल काय? आणि काही अस्पृश्यांची समज गाईपेक्षाही कमी असल्याचे ते म्हणाले. हा संवाद 'हरिजन'मध्ये छापलेला आहे. पोट आणि आत्म्याच्या वाटणीचे हे सर्वांत सभ्य रूप होय.

त्याच वर्षी मे महिन्यात मुंबईच्या महार परिषदेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी धर्मांतराचा विचार ऐहिक आणि आध्यात्मिक अशा दोन्ही बाजूंनी मांडला. माणसाला भाकरीबरोबर स्वाभिमानही लागतो, ही त्यांची भूमिका होती. पण बाबासाहेबांनी आम्हां ख्रिस्ती लोकांनाही सोडले नाही. १ जानेवारी १९३८ रोजी सोलापुरात ख्रिस्ती समाजापुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोन व्यक्तींनी आपल्या मनाची पकड घेतली, असे त्यांनी सांगितले. आणि त्याच भाषणात धर्मांतरित अस्पृश्य आपल्या नागरी व राजकीय हक्कांसाठी लढत नाहीत, असा ठपकाही ठेवला. तो ठपका खरा होता. स्वर्गात नाव लिहिले गेले म्हणून चावडीवरचा अन्याय सोसायचा, ही शिकवण मिशनच्या सावलीत वाढली. पगार मिशनचा, घर मिशनचे, मग आवाज कोणाचा? टिळकांनाही हा प्रश्न टोचला होता. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी 'देवाचा दरबार' उभारला. ज्याच्या मागे विद्येचे बळ होते त्याला ते शक्य झाले. मांगवाड्यातल्या मास्तराला पगार सोडणे शक्य नव्हते.

आणि मग १९५० साल आले. १० ऑगस्टच्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला. ख्रिस्ती बाहेरच राहिले. १९८५ मध्ये सूसाई खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने दाद दिली नाही. २००७ मध्ये रंगनाथ मिश्र आयोगाने धर्माची अट काढण्याची शिफारस केली, ती अंमलात आली नाही. २०२२ मध्ये या प्रश्नासाठी न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. मराठवाड्यातल्या दलित मुलाची वर जाण्याची वाट शिष्यवृत्ती, वसतिगृह आणि राखीव नोकरी यांतूनच जात होती. ख्रिस्ती म्हणवून घेणे म्हणजे ती वाट स्वतःच्या हाताने अरुंद करणे. म्हणून कित्येक घरांत माणसाला दोन नावे आली : शाळेच्या दाखल्यावर 'हिंदू मांग' आणि मंडळीच्या वहीत ख्रिस्ती. या माणसांना मी दोष देत नाही. दोष माणसाला दोन तुकड्यांत जगायला लावणाऱ्या कायद्याचा आहे. पण ज्यांनी दाखल्यावरही 'ख्रिस्ती' लिहिले आणि त्याची किंमत ऊसतोडीच्या कोयत्याने फेडली, त्यांच्याविषयी तरी 'पोटासाठी' हा शब्द यापुढे वापरता येणार नाही. पोटासाठी कोणी पोटावर पाय देऊन घेत नाही.

ऐहिक यशाहून वेगळ्या मापाने स्वतःला मोजण्याचे एक उदाहरण आमच्या सीमेवरच आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य वेल्लोरला शिकले, अमेरिकेत पुढचे शिक्षण घेतले आणि १९७० मध्ये जामखेडला येऊन राहिले. त्या पदव्यांवर कोठेही सुखाचा संसार झाला असता. त्यांनी खेड्यातल्या, बहुतेक निरक्षर, बायांना आरोग्य सेविका केले. त्यांत दलित स्त्रिया होत्या. हातपंप दलित वस्तीत घेतले, म्हणजे पाण्यासाठी सवर्ण बाईला तेथे यावे लागले. १९७९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. पण मला पुरस्कारापेक्षा तो हातपंप महत्त्वाचा वाटतो. 'देवाने मला माणूस केले' हा विश्वास तेथे स्वतःपुरता राहिला नाही, त्याने पाणवठ्याची जागा बदलली.

आज बीडमधले आपले शेकडो तरुण स्पर्धा परीक्षांच्या खोल्यांत वर्षे काढीत आहेत. पद मिळाले तर माणूस, नाही तर शून्य, असे नवे माप त्यांच्या गळ्यात पडले आहे. जुनी व्यवस्था जन्मावरून किंमत करीत होती, नवी निकालावरून करते. त्यांना मी ख्रिस्ती व्हा असे सांगत नाही. आमच्या पूर्वजांनी एवढेच शिकविले की माणसाची किंमत गावाने किंवा सरकारने द्यायची नसते, ती आधीच असते. बौद्ध बांधव हेच आपल्या शब्दांत सांगतात. मात्र त्या किमतीला हक्कांची जोड नसेल तर ती रविवारपुरतीच उरते, हा बाबासाहेबांचा इशाराही तितकाच खरा आहे.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षकांना माझी एक विनंती आहे. आष्टी, पाटोदा, गेवराईकडच्या जुन्या ख्रिस्ती घरांत आणि भोवतालच्या मंडळ्यांत ज्या नोंदवह्या, चिठ्ठ्या, शाळेचे दाखले उरले असतील, ते वाळवीच्या आधी उतरवून घ्या. म्हाताऱ्या बायांना विचारा की तुम्ही का राहिलात. ब्राह्मण धर्मांतरितांनी आपली चरित्रे स्वतः लिहिली. आमच्या माणसांचे चरित्र त्या एका ओळीच्या नोंदीतच आहे, आणि ती ओळ वाचण्याचे काम आपले आहे.