बंदुकीच्या दस्त्यावरील रंगलेप : डिचोली-पेडणे परिसराच्या संदर्भात जतनाचा विचार

शस्त्रांचा इतिहास लिहिताना अभ्यासकाचे लक्ष प्रामुख्याने लढाया, तह आणि तोफखान्याची संख्या यांकडे असते. बंदुकीच्या लाकडी दस्त्यावरील रंग, सोनेरी वेलबुट्टी आणि लाखेचा लेप यांची नोंद क्वचितच घेतली जाते. वास्तविक नळी ठोकून बनवणारा लोहार, दस्ता घडवणारा सुतार आणि त्यावर रंग चढवणारा चितारी अशा तीन हातांची साक्ष एकाच वस्तूवर उमटलेली असते. यांपैकी तिसरी साक्ष सर्वांत नाजूक असून ती युद्धापेक्षा साफसफाईतच अधिक नष्ट होते.

गोव्याच्या संदर्भात या विषयाला विशेष महत्त्व आहे. १५१० साली आफोंसो द आल्बुकेर्क याने आदिलशाहीकडून गोवा जिंकले, तेव्हा येथे बंदुका घडवणारे कसबी कारागीर होते. १५१३ साली पोर्तुगालच्या राजाला लिहिताना त्याने गोव्यातील बंदुकांची तुलना बोहेमियातील नामांकित बंदुकांशी केली. १५४३ साली पोर्तुगीज प्रवाशांबरोबर जपानच्या तानेगाशिमा बेटावर तोड्याच्या बंदुका पोहोचल्या. त्यांच्या कळीची रचना गोवा आणि मलाक्का येथील बंदुकांशी मिळतीजुळती असल्याचे शस्त्रतज्ज्ञांनी दाखवून दिले आहे. त्याच वर्षी बारदेश आणि साष्टी हे महाल पोर्तुगीजांकडे गेले. पेडणे आणि डिचोली मात्र आदिलशाहीतच राहिले.

पुढील अडीच शतके हा सरहद्दीचा मुलूख आदिलशाही, मराठे, वाडीचे सावंत आणि पोर्तुगीज यांच्या ओढाताणीत सापडला. औरंगजेबाचा बंडखोर पुत्र शहजादा अकबर १६८० च्या दशकात छत्रपती संभाजी महाराजांच्या आश्रयाने डिचोली परिसरात होता. डिचोलीची नमाजगाह परंपरेने त्याच काळाशी जोडली जाते. १७४६ साली पोर्तुगीजांनी सावंतांकडून हळर्ण आणि तेरेखोल हे किल्ले घेतले. डिचोली १७८१ मध्ये, तर पेडणे १७८८ मध्ये कायमचे पोर्तुगीज अंमलाखाली आले. ज्या भूमीवर इतक्या सत्तांची शस्त्रे वावरली, तेथील जुन्या शस्त्राकडे केवळ भंगार लोखंड म्हणून पाहणे योग्य नाही.

बंदूक साफ करणे ही राज्यकारभाराची बाब आहे, याची जाणीव मोगल दरबाराला होती. अबुल फज़ल याने ‘आईन-ए-अकबरी’त बंदुकांच्या कारखान्याचे स्वतंत्र वर्णन केले आहे. पूर्वी बलवान माणसांना लोखंडी अवजारांनी नळ्या साफ करण्यास फार वेळ लागत असे. बादशहा अकबराने बैलशक्तीवर फिरणारे एक चक्र योजले आणि त्यायोगे एकाच वेळी सोळा नळ्या थोडक्या वेळात स्वच्छ होऊ लागल्या. येथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की साफ होते ती नळी. दस्त्याची निगा हे वेगळ्या हाताचे आणि वेगळ्या स्वभावाचे काम आहे.

हा फरक समजण्यासाठी रंगलेपाची घडण पाहिली पाहिजे. राजस्थान, सिंध आणि मोगल परंपरेतील रंगीत दस्त्यांवर फुले, वेली आणि शिकारीची दृश्ये आढळतात. साधारणपणे लाकडावर प्रथम खडू आणि सरस यांचा थर देतात, त्यावर रंग व सोन्याचा वर्ख, आणि सर्वांत वर पारदर्शक रोगण किंवा लाख. पेडण्याला लागून असलेल्या सावंतवाडीच्या गंजिफांतही याच जातीचे तंत्र दिसते. तेथे चिंचोक्याची खळ, खडू, रंग आणि वरून लाख असा क्रम असतो. गोव्यात कुंकळ्ळी येथेही लाखकामाची परंपरा आहे. म्हणजे ज्या कौशल्याने असे रंग समजून घेता येतील, ते कौशल्य या परिसराला परके नाही.

नुकसान होते ते सदिच्छेने केलेल्या स्वच्छतेतून. पावसाळ्यात गोव्याच्या दमट हवेने लोखंडाला गंज चढतो आणि लगेच येणाऱ्या खंडेनवमीला घरातील जुनी शस्त्रे घासूनपुसून पूजेला मांडली जातात. भांड्यांना लावायची राख किंवा धुण्याचा सोडा अशा वेळी हाताशी असतो. हे दोन्ही पदार्थ अल्कधर्मी आहेत आणि लाख अल्कात विरघळते. पितळी पट्ट्या आमसुलाने वा चिंचेने उजळताना आंबट पाणी कडेच्या रंगात शिरते. पाण्याने खालचा सरस फुगतो आणि रंगाचे पोपडे सुटतात. स्पिरिट लावल्यास लाखेचा थरच निघून येतो.

काळ्या दारूचा मळही याच मार्गाने काम करतो. सोरा, गंधक आणि कोळसा यांची दारू जळाली की तिचा निम्म्याहून अधिक भाग घन रूपात मागे उरतो. त्यात पोटॅशियम कार्बोनेट असते. ते हवेतील ओलावा शोषून घेते आणि अल्कधर्मीही असते. म्हणून बत्तीच्या छिद्राजवळचा रंग आगीच्या धगीने जसा जातो, तसा उरलेल्या मळानेही खाल्ला जातो. तेथील झीज ही बंदूक प्रत्यक्ष वापरली गेल्याचा पुरावा आहे. गालाजवळची झीज धरणाऱ्याच्या सवयीचा. सगळा दस्ता नव्या रंगाने एकसारखा केला की हे दोन्ही पुरावे एकदम पुसले जातात.

यासाठी काही नियम पाळणे आवश्यक आहे. जुनी ठासणीची बंदूक भरलेली असू शकते. म्हणून जाणकाराने ती रिकामी असल्याची खात्री करेपर्यंत तिला हात लावू नये. त्यानंतर सर्व बाजूंनी छायाचित्रे घ्यावीत. धूळ मऊ कुंचल्याने झाडावी. सुटणाऱ्या पोपड्यावरून कापडही फिरवू नये. लोखंडावर काम करताना कडेचा रंग झाकून घ्यावा आणि तेल नळीवर थेट न ओतता चिंधीला लावून वापरावे. बंदूक उन्हात वाळवू नये, कारण लाख उष्णतेने मऊ होते. जवसाचे तेल लावल्याने दस्ता तात्पुरता चमकतो, परंतु ते वाळून घट्ट बसते, काळवंडते आणि पुढे काढता येत नाही.

दुरुस्तीचा हेतू नवेपणा आणणे हा नसावा. सुटलेला थर जागच्या जागी बसवणे आणि जेथे रंग उरलेला नाही ती जागा तशीच ठेवणे, एवढीच मर्यादा संग्रहालयशास्त्र मानते. वापरलेला पदार्थ भविष्यात मूळ थराला धक्का न लावता काढता यावा, ही त्याची अट आहे. हे काम प्रशिक्षित जतनतज्ज्ञाचे आहे. घरच्या माणसाने पोपडे जपून ठेवले तरी अर्धे काम होते.

मोडी कागद किंवा फारसी फर्मान राखेने घासण्याचे कोणाच्या मनातही येणार नाही. रंगीत दस्ता हाही तशाच प्रतीचा दस्तऐवज आहे. इतिहासाच्या अध्यापकांनी विद्यार्थ्यांकडून आपापल्या गावातील अशा वस्तूंची छायाचित्रे, मापे आणि झिजेच्या जागा यांची नोंद करून घेतली, तर ज्यांची नावे कोणत्याही बखरीत नाहीत अशा लोहार, सुतार आणि चिताऱ्यांचा इतिहास लिहिण्यास साधन उपलब्ध होईल. पुढच्या खंडेनवमीपूर्वी एवढी जाणीव घरोघरी पोहोचवणे हे शिक्षकाच्या आवाक्यातील काम आहे.