नकार आणि सहभाग : स्तनकर्करोगाच्या संशोधनातील रुग्ण

बाल्टिमोरचे शल्यविशारद विल्यम हॉलस्टेड यांनी १८९४ साली स्तनकर्करोगावरील आपल्या शस्त्रक्रियेचा वृत्तांत प्रसिद्ध केला आणि तेव्हापासून सुमारे पाऊण शतक अमेरिकेत या रोगावर तोच उपाय प्रमाण मानला गेला. संपूर्ण स्तन, त्याखालील छातीचे स्नायू आणि काखेतील लसिकाग्रंथी ही सर्व एकाच वेळी काढून टाकावयाची, असा तो उपाय होता. त्याची रीत तर अधिकच विलक्षण होती. स्तनात गाठ आढळलेली स्त्री आधीच संमतिपत्रावर सही करी. तिला भूल दिली जाई. गाठीचा तुकडा तेथल्या तेथे तपासला जाई. आणि तो कर्करोगाचा ठरल्यास तिला शुद्धीवर न आणताच स्तन काढला जाई. भूल चढताना आपणास रोग आहे की नाही हे तिला ठाऊक नसे. शुद्धीवर येताना निर्णय होऊन गेलेला असे. रुग्ण संशोधनात भागीदार कसा झाला याचा इतिहास या शस्त्रक्रियागृहापासून सुरू करावा लागतो. जिला स्वतःच्या उपचाराविषयी मत विचारले जात नव्हते, तिला संशोधनाविषयी ते कोण विचारणार?

१९७४ च्या जून महिन्यात मेरिलंडमधील पत्रकार रोझ कुशनर यांना आपल्या स्तनात गाठ आढळली. त्यांनी वैद्यकीय वाङ्मय स्वतः धुंडाळले आणि निदान व शस्त्रक्रिया या दोन गोष्टी वेगवेगळ्या दिवशी झाल्या पाहिजेत, असा आग्रह धरला. अनेक शल्यविशारदांनी तो धुडकावून लावला. त्याच वर्षी सप्टेंबरात राष्ट्राध्यक्षांच्या पत्नी बेटी फोर्ड यांच्यावर जुन्याच रीतीने शस्त्रक्रिया झाली. त्याच दिवसांत बर्नार्ड फिशर यांच्या नेतृत्वाखाली १९७१ पासून चाललेल्या तुलनात्मक प्रयोगाचे पहिले निष्कर्ष पुढे येत होते. रुग्ण वाचविण्याच्या कामी हॉलस्टेडची शस्त्रक्रिया लहान शस्त्रक्रियेहून सरस असल्याचे त्यांतून दिसत नव्हते. १९७९ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने या विषयावर परिषद भरविली. तिच्या निर्णायक मंडळात कुशनरबाईंना स्थान मिळाले आणि निदान व उपचार यांची फारकत करावी, ही शिफारस तेथे झाली.

फिशर यांचा पुढचा प्रयोग १९७६ मध्ये सुरू झाला. संपूर्ण स्तन काढणे, केवळ गाठ काढणे, आणि गाठ काढून किरणोपचार देणे, अशा तीन उपचारांची त्यात तुलना होती व कोणत्या स्त्रीच्या वाट्याला कोणता उपचार येईल हे दैवगतीने, म्हणजे चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, ठरावयाचे होते. प्रयोग रेंगाळला. स्तन राहील की जाईल हे चिठ्ठीवर अवलंबून आहे, असे रुग्णाला तोंडावर सांगणे वैद्यांना अवघड जाई आणि स्त्रियांना ते ऐकणे त्याहून अवघड. संख्याशास्त्रज्ञ मार्व्हिन झेलेन यांनी १९७९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या योजनेत चिठ्ठी आधी व संमती नंतर, असा क्रम होता. फिशर यांच्या गटाने त्याचा एक प्रकार स्वीकारला : वाट्याला आलेला उपचार सांगून मगच स्त्रीची संमती घेतली जाऊ लागली आणि नोंदणीला वेग आला. १९८५ साली १,८४३ स्त्रियांच्या नोंदींवरून असे दाखविता आले की, स्तन राखल्याने आयुर्मान घटत नाही. या स्त्रियांना प्रयोगाच्या आखणीत कोणीही बोलाविले नव्हते. तरीही ती आखणी त्यांच्या संकोचामुळेच बदलली. भागीदारी हा शब्द प्रचारात येण्यापूर्वीची ही भागीदारीच होय, फक्त ती मुकी होती.

तिला वाचा फुटली ती ब्रिटनमध्ये. १९८० नंतरच्या दशकात एका रुग्ण स्त्रीला आपली संमती न घेताच आपणास प्रयोगात घातल्याचे मागाहून कळले व वृत्तपत्रांतून त्याचा बराच गवगवा झाला. पुढे १९९१ मध्ये हेझेल थॉर्नटन यांना स्तननलिकांतच मर्यादित असलेल्या आरंभीच्या कर्करोगाविषयीच्या प्रयोगात सहभागी होण्याची विनंती करण्यात आली. मिळालेली माहिती अपुरी वाटल्याने त्यांनी नकार दिला. असे नकार रोजच मिळतात व विसरले जातात. थॉर्नटनबाईंनी मात्र आपली कारणे लिहून काढली आणि १९९२ साली 'लॅन्सेट'ने ती छापली. संशोधनाची त्यांना मुळीच नावड नव्हती. रुग्णांना प्रश्न ठरविण्याच्या वेळीच बोलवा, म्हणजे त्यांची संमती अर्थपूर्ण होईल, असे त्यांचे म्हणणे होते. शल्यविशारद मायकेल बॉम यांच्यासह त्यांनी १९९४ मध्ये प्रयोगांच्या आखणीवर सल्ला देणारा एक गट स्थापन केला. टीकाकार आणि शल्यविशारद एकाच मेजाशी बसले, ही घटना लहान खरी, पण तिचे मोल मोठे आहे.

अमेरिकेत हाच प्रवाह राजकारणाच्या मार्गाने गेला. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय स्तनकर्करोग आघाडीच्या दडपणामुळे १९९३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण खात्यामार्फत २१ कोटी डॉलर या संशोधनास मिळाले आणि १९९५ पासून अर्जांची छाननी करणाऱ्या मंडळांत रोगातून गेलेल्या स्त्रिया मताधिकारासह बसू लागल्या. 'हर्सेप्टिन' या औषधासाठी डिसेंबर १९९४ मध्ये आंदोलक स्त्रियांनी उत्पादक कंपनीच्या आवारात निदर्शने केली. पुढे आघाडीने त्याच कंपनीशी प्रयोगाच्या आखणीविषयी बोलणी केली, नोंदणीस साह्य केले. निष्क्रिय द्रव देऊन तुलना करण्याची अट काढून टाकण्यात आली. आणि ४६९ स्त्रियांवरील प्रयोगानंतर १९९८ मध्ये औषधास मान्यता मिळाली.

याच दशकाची दुसरी बाजू मात्र खिन्न करणारी आहे. अतिमात्रेची औषधे देऊन नंतर रुग्णाचीच राखून ठेवलेली अस्थिमज्जा परत शरीरात सोडण्याचा एक उपचार त्या वेळी गाजत होता. तो तारक आहे असा विश्वास वैद्य, रुग्ण व न्यायालये या सर्वांनाच वाटू लागला होता. विमा कंपन्यांवर दावे होऊन खर्च वसूल केला जाई. उपचार बाहेर मिळत असताना चिठ्ठीचा धोका कोण पत्करणार? तुलनात्मक प्रयोगांना स्त्रिया मिळेनात आणि उत्तर वर्षानुवर्षे लांबले. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांपैकी एक सोडून बाकीच्यांत या उपचाराचा विशेष लाभ दिसला नाही. आणि तो एक, दक्षिण आफ्रिकेतील, खोट्या नोंदींवर आधारलेला असल्याचे २००० साली उघडकीस आले. तोपर्यंत हजारो स्त्रिया प्रयोगाबाहेर हा अघोरी उपचार घेऊन चुकल्या होत्या, आणि त्यांच्यापैकी एकीच्याही सोसण्याची त्या तुलनेत गणना होऊ शकली नाही.