फोन टॅपिंग, भारतातील

दूरध्वनीवरचे संभाषण बोलणाऱ्यांच्या नकळत सरकारी आदेशाने ऐकणे किंवा ध्वनिमुद्रित करणे. संगणक व इंटरनेटवरील संदेशांसाठी माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९ मध्ये असाच अधिकार आहे. कोणी कोणाला कधी व किती वेळ फोन केला याची नोंद, म्हणजे पोलिसांच्या बोलण्यातला ‘सीडीआर’, टॅपिंगमध्ये मोडत नाही. तो तपास अधिकाऱ्याला बऱ्याच सोप्या वाटेने मिळतो.

टॅपिंगचा अधिकार मुळात १८८५ च्या भारतीय तार अधिनियमाच्या कलम ५(२) मधला. सार्वजनिक आणीबाणी उद्भवली असेल किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी आवश्यक असेल, तरच तो वापरता येतो. २०२३ च्या दूरसंचार अधिनियमाच्या कलम २० ने या तरतुदीची जागा घेतली; पण तारायंत्राच्या काळातली ती अट जवळपास जशीच्या तशी ठेवली.

या विषयावरचा एक महत्त्वाचा जुना निकाल मुंबईतला आहे. मुंबईच्या कॉरोनरवर, म्हणजे संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्यावर, एका डॉक्टरकडे लाच मागितल्याचा आरोप होता. पोलिसांनी दुसऱ्या एका डॉक्टरच्या संमतीने त्याच्याच फोनला ध्वनिमुद्रणयंत्र जोडले आणि कॉरोनरचे बोलणे टिपले. १९७२ मध्ये ‘मलकानी विरुद्ध महाराष्ट्र राज्य’ या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे मुद्रण पुरावा म्हणून स्वीकारले. बोलणाऱ्यांपैकी एकाची संमती असल्याने तार अधिनियमाचा भंग झाला नाही, आणि पुरावा गैरमार्गाने मिळवलेला असला तरी तेवढ्यामुळे तो बाद होत नाही, असे न्यायालय म्हणाले. या दुसऱ्या विधानाचा आधार सरकारी पक्ष अजूनही घेतो.

पुढे राजकारण्यांचे फोन टॅप होत असल्याबद्दलचा सीबीआयचा अहवाल १९९१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज ही संघटना सर्वोच्च न्यायालयात गेली. १९९६ च्या निकालाने फोनवरचे बोलणे खासगीपणाच्या हक्कात आणले आणि टॅपिंगवर अटी घातल्या. आदेशाआधी न्यायाधीशाची परवानगी घ्यावी, ही मागणी मात्र कायद्यात तशी तरतूद नाही म्हणून फेटाळली. आजच्या व्यवस्थेतले वैगुण्य इथून सुरू होते.

आदेश केंद्राचा किंवा राज्याचा गृह सचिव काढतो. तो ६० दिवस चालतो व मुदतवाढीने १८० दिवसांपर्यंत नेता येतो. तातडीच्या वेळी ठरावीक दर्जाचा पोलीस अधिकारीही आदेश देऊ शकतो, मात्र कामकाजाच्या सात दिवसांत त्यावर मंजुरी लागते. दूरध्वनी कंपनीचा त्यासाठी नेमलेला (नोडल) अधिकारी जोडणी करून देतो. तपासणी करणारी पुनर्विलोकन समितीही सचिवांचीच; केंद्रात कॅबिनेट सचिव, राज्यात मुख्य सचिव तिचे अध्यक्ष. न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण समितीने २०१८ च्या अहवालात हिशेब मांडला, की दोन महिन्यांतून एकदा भरणाऱ्या या समितीपुढे एका बैठकीत १५,००० ते १८,००० आदेश असतात. एवढे कागद कोणी वाचत असेल, यावर विश्वास बसणे कठीण आहे. ज्याचा फोन ऐकला त्याला कधीच कळवले जात नाही, आणि नोंदी ठरावीक मुदतीने नष्ट केल्या जात असल्याने तक्रार करायची तर हाती कागदही उरत नाही.

महाराष्ट्रात संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या १९९९ च्या ‘मोक्का’ कायद्यानेही टॅपिंगची स्वतंत्र तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयाने ती कलमे २००३ मध्ये रद्द ठरवली. सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ती पुन्हा उभी केली. २०१७ मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खासगीपणाला मूलभूत हक्क ठरवले. त्याच्या आधारे मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये लाचखोरीच्या एका प्रकरणातले तीन टॅपिंग आदेश रद्द केले आणि मुद्रणे नष्ट करायला सांगितली. या प्रकरणात ना आणीबाणी होती, ना सार्वजनिक सुरक्षिततेला धोका.

व्हॉट्सअ‍ॅपसारख्या कूटबद्ध संदेशांपुढे कंपनीकडून जोडणी घेऊन उपयोग होत नाही. त्यासाठी फोनमध्येच शिरावे लागते. पेगासस या हेरगिरीच्या प्रणालीवरून २०२१ मध्ये झालेल्या वादानंतर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला तपासलेल्या २९ पैकी ५ फोनमध्ये घातक प्रणाली आढळली. ती पेगाससच होती, असे ठरले नाही. सरकारने सहकार्य केले नाही, असेही समितीने नोंदवले.

भ्रष्टाचार हा सार्वजनिक सुरक्षिततेचा प्रश्न आहे का, यावर न्यायालयांत एकमत नाही. २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने मोठ्या भ्रष्टाचाराच्या तपासातले टॅपिंग वैध मानले. काही दिवसांतच मद्रास उच्च न्यायालयाने लाचेच्या प्रकरणातला २०११ चा आदेश रद्द केला.