एक रात्र, तीन कॅमेरे : झाडीपट्टीचे नाटक आणि मिक्सिंगचा इतिहास

धान घरात आले की झाडीपट्टीत नाटकांचा हंगाम सुरू होतो. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा आणि गोंदिया या जिल्ह्यांत दिवाळीनंतर गावोगावी मंडई आणि शंकरपट भरतात आणि रात्री नाटक ठेवले जाते. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे नाटक मंडळ्यांचे मुख्य ठाणे. पडदा रात्री उशिरा उघडतो आणि खेळ पहाटेपर्यंत चालतो. या रंगभूमीवर आयुष्य घालवलेले गडचिरोली जिल्ह्यातील परशुराम खुणे यांना 2023 मध्ये पद्मश्री जाहीर झाली. आता यातली बरीच नाटके मोबाइलवर पाहायला मिळतात. ती तिथवर कशी पोहोचतात, याचाही एक इतिहास आहे.

सिनेमात नट चुकला तर तोच प्रसंग पुन्हा घेता येतो. नाटकाला ती सवलत नाही. एकच कॅमेरा असेल तर तो नायिकेकडे वळला की खलनायकाचा चेहरा कायमचा गेला. म्हणून दोन-तीन कॅमेरे लावावे लागतात. पण मग प्रश्न येतो : कोणत्या क्षणी कोणत्या कॅमेऱ्याचे दृश्य दाखवायचे, आणि हे ठरवायचे कधी?

दूरदर्शनचे उत्तर होते, त्याच क्षणी. मुंबई केंद्र 2 ऑक्टोबर 1972 रोजी सुरू झाले. स्टुडिओत अनेक कॅमेरे चालू असत. निर्माता समोरच्या पडद्यांकडे बघून सांगे आणि मिक्सरवरचे बटण दाबले जाई. जे निवडले ते टेपवर गेले, बाकीचे हवेत विरले. आपल्याकडे लग्नाच्या व्हिडिओच्या एडिटिंगला लोक अजून ‘मिक्सिंग’च म्हणतात, त्या शब्दात हे यंत्र जिवंत आहे.

अमेरिकेत दुसरे उत्तर आधीच सापडले होते. 1951 मध्ये ‘आय लव्ह ल्यूसी’ ही मालिका प्रेक्षकांसमोर तीन फिल्म कॅमेऱ्यांनी एकाच वेळी चित्रित होऊ लागली. छायाचित्रकार होते कार्ल फ्रॉइंड. तिन्ही फिल्म्स आणि आवाजाची पट्टी एकाच यंत्रावर शेजारी शेजारी चालवून निवड नंतर, शांतपणे केली जाई. आजच्या सॉफ्टवेअरमधले ट्रॅक ही त्याच यंत्राची नातवंडे. 2005 मध्ये फायनल कट प्रो 5 मध्ये आणि 2006 मध्ये प्रीमियर प्रो 2.0 मध्ये मल्टिकॅमची सोय आली. लग्नाच्या स्टुडिओंमध्ये वापरल्या जाणाऱ्या एडियसमध्येही ती आहे.

काम असे चालते. प्रत्येक कॅमेऱ्याचे चित्रण वेगळ्या ट्रॅकवर, एकावर एक ठेवायचे. सगळ्यांची वेळ जुळवायची. मग तिन्ही दृश्ये छोट्या चौकटींत एकदम दिसतात. नाटक चालू ठेवून कीबोर्डवर 1, 2, 3 दाबत गेले की कट पडत जातात. आवाज मात्र एकाच ट्रॅकचा, शक्यतो साउंड मिक्सरवरून थेट घेतलेला. चित्र बदलते, आवाज बदलत नाही, म्हणून पाहणाऱ्याला सांधा जाणवत नाही.

खरी मेहनत वेळ जुळवण्यात आहे. आमच्या शाळेच्या स्नेहसंमेलनात मुले तीन मोबाइल लावतात आणि सुरुवातीला एकजण मंचावर मोठी टाळी वाजवतो. तिन्ही ट्रॅकवर टाळीचा उंचवटा एका रेषेत आणला की झाले. आता सॉफ्टवेअर आवाजाची लाट बघून हे स्वतःच करते. पण झाडीपट्टीच्या मोकळ्या मैदानात ते फसू शकते. आवाज सेकंदाला सुमारे 340 मीटर जातो. मंचापासून 34 मीटर मागे असलेल्या कॅमेऱ्याला संवाद सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा ऐकू येतो. आपल्याकडे सेकंदाला 25 फ्रेम्स धरतात, म्हणजे हा अडीच फ्रेमचा फरक. आवाजावर जुळवले तर त्या कॅमेऱ्यातले ओठ आधी हलतात आणि शब्द मागून येतो. तो ट्रॅक दोन-तीन फ्रेम पुढे सरकवावा लागतो. शिवाय फोटोचे अनेक कॅमेरे 29 मिनिटे 59 सेकंदांनी आपोआप थांबतात. तिन्ही एकदम सुरू केले तर तिन्ही एकदम थांबतील आणि तेवढे नाटक कुठेच उरणार नाही.

क्रम आणि निवड हातात आली की जबाबदारीही येते. आपल्या निकाहाचेच पाहा. अनेक घरांत वकील आणि गवाह आधी मुलीकडे जाऊन तिची इजाजत घेतात, मग मर्दांच्या बैठकीत निकाह पढला जातो. दोन खोल्यांत दोन कॅमेरे असतात. मिक्सिंग करणाऱ्याने मुलीची खोली उरकून टाकली किंवा नंतर जोडली, तर पाहणाऱ्याला वाटेल की तिला विचारले ते सगळे ठरल्यावर. दोन खोल्यांना समान आवाज नसतो, म्हणून तिथे सॉफ्टवेअरचा उपयोग नाही. कॅमेऱ्यांची घड्याळे आधी जुळवून ठेवावी लागतात.

नाटकाचेही तसेच आहे. तयार व्हिडिओत गाणे म्हणणारी नटी दिसते. तबलजी, ‘वन्स मोअर’ देणारी माणसे, थंडीत चादर पांघरून बसलेल्या बाया दुसऱ्या ट्रॅकवर असतात. उद्या झाडीपट्टीचा इतिहास लिहिणाऱ्याला नेमके तेच हवे असेल. दूरदर्शनच्या मिक्सरपुढे न निवडलेले वाचवायचा मार्ग नव्हता. आज आहे. ताशी 11 जीबी धरले तर तीन कॅमेऱ्यांचे सहा तास 200 जीबीच्या आत मावतात. तरी व्हिडिओ दिला की जागा मोकळी करण्यासाठी मूळ चित्रण पुसणे सोपे असते.

म्हणून मंडळ्यांना, गावातल्या नाटक समित्यांना आणि स्टुडिओवाल्यांना एक विनंती. वर्षातल्या निदान एका प्रयोगाचे सगळे ट्रॅक जसेच्या तसे वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. तिच्यावर गाव, तारीख, नाटक आणि कलाकारांची नावे लिहा, आणि दुसरी प्रत जवळच्या वाचनालयात किंवा कॉलेजात द्या.